डोक्यावरची सावली आणि पायाखालची हिरवाई

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे नाव निघाले की अनेकांना जानेवारीतील पुष्पप्रदर्शन आठवते. परंतु या बागेचे मोल कळते ते उन्हाळ्यात. घरातील ज्येष्ठांसाठी अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत काही लावण्याचा विचार आपल्या मनात असेल, तर रोपे विकत घेण्यापूर्वी एप्रिलमधील एक सकाळ येथे घालवावी. सावली देणारे झाड लावावे, की जमिनीवर पसरून बारमाही हिरवी राहणारी वनस्पती लावावी, हा प्रश्न कागदावर सोडवता येत नाही. त्याचे उत्तर डोळ्यांनी आणि पायांनी शोधावे लागते, आणि त्यासाठी ही जागा फार चांगली आहे.

रेसकोर्सजवळची ही बाग इंग्रजी अमदानीतील. सम्राज्ञी व्हिक्टोरियाच्या बिरुदावरून तिला हे नाव मिळाले. आज अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिची व्यवस्था पाहते. उंच, जुने वृक्ष आणि झाडांच्या आधाराने चढत गेलेली गारंबीची अवाढव्य वेल ही या बागेची ओळख आहे.

सावलीत शिरताना

रस्त्यावरच्या उन्हातून दाट सावलीत शिरताना ज्येष्ठांचा हात धरून मिनिटभर थांबावे. वय वाढते तसे डोळ्यांना उजेडातून अंधाराशी जुळवून घ्यायला अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल, तर पानांतून झिरपणारे उन्हाचे कवडसेही फसवतात. उजेडाचा तुकडा पायरीसारखा भासतो, आणि खरी पायरी काळोखात हरवते. डोळे स्थिरावले की मगच पुढे चालावे.

एवढ्यात अंगाला फरक जाणवू लागलेला असतो. हवेचे तापमान सावलीत फार उतरते असे नाही. परंतु अंगावर थेट पडणारे ऊन थांबते, आणि तापलेल्या जमिनीतून, भिंतीतून येणारी धगही कमी होते. पत्र्याचे छप्परही सावली देते, पण ते स्वतः तापते आणि ती उष्णता खाली टाकते. झाडाचे पान मात्र आपल्यातील पाणी वाफेच्या रूपाने सोडत राहते, त्यामुळे ते पत्र्यासारखे तापत नाही. झाडाखालच्या बाकावर जो विसावा मिळतो, त्याचे कारण हेच.

ज्येष्ठांच्या दृष्टीने हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. उतारवयात घाम येण्याची क्रिया मंदावते आणि तहानेची जाणीव बोथट होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी आणखी लवकर कमी होऊ शकते. अशा व्यक्तीला उन्हाळ्याचे तीन-चार महिने घरातच बसवून ठेवले, तर चालणे सुटते, पायांतील बळ जाते, शेजाऱ्यांशी होणारे दोन शब्दही थांबतात. दाराबाहेर दहा पावलांवर सावली असेल, तर सकाळ-संध्याकाळ ती व्यक्ती बाहेर येऊन बसते. एका झाडाने एवढे साधते.

जमिनीकडे पाहताना

आता नजर खाली वळवावी. मोठ्या झाडाच्या दाट सावलीत गवत विरळ होत जाते, कुठे उघडी मुळे दिसतात, कुठे नुसता पाचोळा. मोकळ्या उन्हात मात्र गवत दाट धरते. सावली आणि हिरवळ दोन्ही एकाच जागी हवी, असा हट्ट धरणाऱ्याला निसर्ग येथेच नकार देतो.

मग रोपवाटिकेत दुसरा पर्याय सुचवला जातो: बुटकी, पसरणारी, सदाहरित वनस्पती. यांतील सर्वांत परिचित म्हणजे पिवळ्या फुलांची वेडेलिया. ती स्वस्त असते, काही आठवड्यांत जमीन झाकते, मातीची धूप थांबवते आणि वर्षभर हिरवी दिसते. परंतु तिच्या पसरणाऱ्या फांद्यांना पेराशी मुळे फुटतात, आणि एकदा रुजली की ती आवरता येत नाही. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेल्या या वनस्पतीची गणना जगातील सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींत होते. सावलीसाठी गवतासारख्या पात्यांचा ओफिओपोगॉन अधिक बरा. तो सावकाश वाढतो आणि आपली जागा सोडत नाही. ओलसर जागी मंडूकपर्णीही छान पसरते. तिला पुष्कळजण ब्राह्मी म्हणतात, आणि त्याच नावाने दुसरीही एक वनस्पती ओळखली जाते. म्हणून अंगणात लावलेली ब्राह्मी वैद्यांना विचारल्याशिवाय औषध म्हणून घेऊ नये.

हिरवाईचे काम खरे आहे. ती माती झाकते, ओल टिकवते, धूळ बसवते आणि डोळ्यांना होणारी उन्हाची तिरीप कमी करते. खाटेवरून उठू न शकणाऱ्या माणसाच्या खिडकीखाली असा हिरवा पट्टा असेल, तर त्याच्या दिवसाला तेवढाच आधार.

पण तिच्यावरून चालायचे नसते. वीतभर उंचीच्या पानांखाली खड्डा आहे, पाण्याची नळी आहे की सुटी वीट, हे दिसत नाही. काठीचे टोक पानांत शिरते आणि जमीन लागेपर्यंत तोल गेलेला असतो. वॉकरची चाके तर वेलींत अडकतातच. पावसाळ्यात विंचू-सापांनाही असा आडोसा आवडतो. उतारवयातील एक पडणे म्हणजे कधी कधी खुब्याचे हाड मोडणे आणि पुढचे परावलंबन. तेव्हा हिरवा गालिचा पाहण्यासाठी ठेवावा, चालण्यासाठी नव्हे.

अंगणात काय लावावे?

पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर माथ्यावर येतो. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या सुमारास भर दुपारी घराची भिंत अंगणाला सावली देत नाही. आसरा असतो तो फक्त पसरलेल्या फांद्यांखाली. जागा आणि पैसा मोजका असेल, तर आधी झाड आणि मग हिरवाई, हा क्रम म्हणूनच योग्य ठरतो.

झाड निवडताना त्याच्या फुलांइतकेच खाली काय पडते याकडे लक्ष द्यावे. कडुनिंबाची पाने माघ-फाल्गुनात गळतात आणि पाडव्यापर्यंत कोवळी पालवी येते. थंडीच्या अखेरीस ऊन आणि कडक उन्हाळ्यात सावली, असा त्याचा सोयीचा हिशेब. मात्र पुढे निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तो निसरडा असतो. करंजाची सावली दाट, वाढही बऱ्यापैकी लवकर, पण त्याच्या टणक शेंगा पायाखाली आल्या तर पाऊल घसरते. बकुळ सदाहरित आणि देखणी, तिची फुले वाळल्यावरही सुगंध सोडत नाहीत, परंतु ती फार सावकाश वाढते. गुलमोहराची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ, म्हणून बसण्याच्या जागेवर तो नको. सप्तपर्णीचा शरद ऋतूतील उग्र वास दम्याच्या रुग्णांना सोसतोच असे नाही. कोणतेही झाड निवडा, बाक खोडाजवळ असावा आणि येण्याजाण्याची वाट रोज झाडता येईल अशी असावी.

दिशेचाही विचार हवा. मोठे झाड शक्यतो अंगणाच्या पश्चिमेस असावे, म्हणजे दुपारनंतरचे तिरपे, तापदायक ऊन अडते. पूर्वेकडची बाजू मोकळी ठेवावी, कारण सकाळचे कोवळे ऊन ज्येष्ठांना हवेच असते. दारापासून बाकापर्यंतची वाट सपाट, खडबडीत पृष्ठभागाची आणि दोन माणसे शेजारी चालू शकतील इतकी रुंद असावी. हिरवाई त्या वाटेच्या कडेला, हातभर अंतर सोडून लावावी. झाडाच्या आळ्यात तर पाचोळाच राहू द्यावा. तो फुकटचे आच्छादन आहे, ओल धरून ठेवतो आणि कुजून खत होतो. वाटेवरचा पाचोळा मात्र पावसाळ्यात लगेच काढावा.

पाणी कोण घालणार?

सेवा करणाऱ्यांनी स्वतःला विचारण्याचा हा प्रश्न आहे. झाडाला पहिली दोन-तीन वर्षे नेमाने पाणी लागते. पुढे ते बहुधा आपले आपण निभावते. हिरवाईला मात्र उन्हाळाभर पाणी, अधूनमधून छाटणी आणि तणाची खुरपणी कायमची लागते. औषधांच्या वेळा, दवाखान्याच्या फेऱ्या आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या व्यक्तीवर हे आणखी एक काम पडणार असेल, तर हिरवा पट्टा लहान ठेवण्यातच शहाणपण.

आणि घरातील ऐंशी वर्षांचे आजोबा जेव्हा विचारतात, “या झाडाची सावली मला मिळणार आहे का?” तेव्हा तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. रोप खांद्याएवढे व्हायलाच एक-दोन वर्षे जातात, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. गारंबीसारखी अजस्र वेल अंगणात नको, पण वेलीची युक्ती घेण्याजोगी आहे. रोपाशेजारी चार खांबांचा मांडव उभारून त्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवावे. एका पावसाळ्यानंतर त्याखाली खुर्ची टाकण्याइतकी सावली होते. मांडव आजोबांचा, झाड नातवंडांचे. पाणी दोघांनाही एकाच झारीतून घालता येते.

जूनचे एक-दोन चांगले पाऊस पडून गेले की लागवड करावी. त्याआधी एप्रिलमध्येच आजी-आजोबांना खुर्ची घेऊन अंगणात आणावे आणि त्यांना कुठे बसायला आवडेल, रस्ता दिसावा की देवघराची खिडकी, हे विचारून घ्यावे. खड्डा त्या जागेच्या पश्चिमेला खणावा.