घरच्या कॅमेऱ्याची किल्ली

म्हातारी आई दिवसभर एकटी, मुलं नोकरीसाठी दूर आणि बैठकीत एक कॅमेरा, अशी घरं आता आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. आमचंही तसंच. मी सुरगाण्यात शिकवते, अम्मी नाशिकला. धाकटी बहीण नोकरीवरून संध्याकाळी येते. मधल्या सुट्टीत मोबाइलवर अम्मी दिसली की माझा जीव भांड्यात पडतो.

पण मला दिसणारी अम्मी आणखी कुणाला दिसते? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या स्त्रियांचं सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीचेही होते. अम्मी घरात ओढणी बाजूला ठेवून केस विंचरते. मला त्या रात्री झोप आली नाही.

कॅमेरे बसवणाऱ्याने बाहेरून चित्र दिसावं म्हणून राउटरमध्ये एक ‘पोर्ट’ उघडा ठेवला होता. म्हणजे गल्लीकडचं दार सताड उघडं, आत कडी फक्त पासवर्डची. अशी दारं शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. २०१६ साली ‘मिराई’ने कंपनीचे मूळ पासवर्ड न बदललेली लाखो उपकरणं अशीच ताब्यात घेतली होती.

डिप्लोमा करणारा भाचा म्हणाला, “खाला, तो पोर्ट बंद करू, घराचा व्हीपीएन लावू.” स्टाफरूममध्ये हा शब्द काढला तर सगळे हसले, बंद साइट बघायची युक्ती एवढीच त्याची ओळख. घरचा व्हीपीएन वेगळा. माझा मोबाइल आणि घर यांच्यात एक बंद बोळ तयार होतो. त्यातून जाणारं सगळं सांकेतिक रूपात जातं आणि ज्या फोनमध्ये किल्ली आहे तोच आत शिरू शकतो.

यासाठी ‘वायरगार्ड’ चांगलं, पण आमची इंटरनेट कंपनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता देते. बाहेरून आमचं घर सापडेचना. म्हणून त्याच वायरगार्डवर चालणारं ‘टेलस्केल’ घेतलं. घरगुती वापराला ते फुकट आहे. रेकॉर्डरमध्ये हे ॲप बसत नाही, तेव्हा राउटरशेजारी ‘रास्पबेरी पाय’ नावाचा तळहाताएवढा संगणक ठेवला. तो रेकॉर्डरपर्यंत वाट करून देतो. वीज गेली तर दोन्ही इन्व्हर्टरवर. फोन हरवला तर यादीतून तेवढा फोन काढायचा. खात्याला मात्र दुहेरी पडताळणी हवीच, नाहीतर किल्ली दारालाच टांगल्यासारखं. आणि ज्या कॅमेऱ्याचं चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं, त्याला याचा उपयोग नाही. रेकॉर्डर घरात हवा.

सगळं जमल्यावर अम्मीने विचारलं, “बाहेरचे बंद झाले. पण तुम्ही कधीही बघणार ना?”

याचं उत्तर भाच्याकडे नव्हतं. सूरह नूरमध्ये घरातल्या लहान मुलांनाही तीन वेळा परवानगी घेऊनच आत यायला सांगितलं आहे: फज्रच्या आधी, दुपारी कपडे सैल करून पडण्याच्या वेळी आणि इशानंतर. आम्ही तर चाळिशी ओलांडलेल्या लेकी.

मग बैठकीतला कॅमेरा दाराकडे वळवला आणि त्याच्या विजेचं बटण अम्मीच्या पलंगाजवळ घेतलं. पहिल्याच आठवड्यात दुपारी पडदा काळा दिसला. मी असरपर्यंत थांबले, मग फोन केला.