पंधराव्या आकड्याची टाळी

तिसऱ्या संध्याकाळी आई पंधरावर चुकली आणि हसली. अगदी खळखळून! डावा पाय बरोबर बाहेर पडला होता, टाळी तेवढी राहून गेली. "अगं, पंधरा तिनाच्या पाढ्यात की!" म्हणाली आणि भिंतीला हात टेकून हसतच राहिली. तो आवाज ऐकून माझी लेक अभ्यास टाकून बाहेर आली. आजी अशी हसल्याला किती महिने झाले होते!

गेलं वर्षभर आमच्याकडे चूक झाली की सगळे गप्प व्हायचे. गॅस चालू राहिला, गप्प. शेजारच्या काकूंचं नाव आठवेना, गप्प. डॉक्टरांनी 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' असं लिहून दिलं. स्मृतिभ्रंश नाही, पण वयाचा नेहमीचा विसरभोळेपणाही नाही, मधला टप्पा. त्या दिवसापासून आम्ही आईची प्रत्येक चूक मनातल्या मनात मोजत होतो. आणि आम्ही मोजतोय हे तिला कळत होतं.

आणि मग हे सापडलं. कॉग्निसाइज! जपानमधलं आहे. आइची प्रांतात ओबू नावाचं शहर आहे, तिथल्या राष्ट्रीय वार्धक्य-संशोधन केंद्रातल्या मंडळींनी ते घडवलं. बुद्धीला काम आणि शरीराला व्यायाम, दोन्ही एकाच वेळी. मी रात्री साडेअकराला पहिल्यांदा वाचलं आणि तिथल्या तिथे स्वयंपाकघरात उभी राहून करून पाहिलं.

तुम्हीही करून पाहा ना. पाय जुळवून उभं राहायचं. एक म्हणताना उजवा पाय बाजूला, दोनला परत जागेवर. तीनला डावा बाजूला, चारला परत. असं मोजत राहायचं आणि तिनाच्या पाढ्यातला आकडा आला की टाळी. एवढंच! पण गंमत कुठे आहे बघा. पायांचा फेरा चारचा आणि टाळीचा तीनचा. त्यामुळे टाळी दर वेळी वेगळ्या जागी पडते. तीनला डावा पाय बाहेर असतो, सहाला उजवा आत येत असतो, नऊला उजवा बाहेर, बाराला डावा आत. बारा आकडे झाले की दोन्ही फेरे एकदा जुळतात आणि पुन्हा सुटतात. पायांना सवय लागते, पण टाळीला ती लागत नाही. डोकं जागं ठेवावंच लागतं.

आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते आता सांगते. यात चुकावं लागतं! अधूनमधून चूक होईल इतपत अवघड काम द्यायचं, हे त्यांचं सूत्रच आहे. सगळं बिनचूक जमायला लागलं की मेंदूला काम उरलं नाही असं समजायचं आणि नियम बदलायचा. तिनाऐवजी पाचाची टाळी, नाहीतर उलटी मोजणी. मी हे वाचलं आणि डोळे भरून आले. ज्या बाईची प्रत्येक चूक वर्षभर घराला घाबरवत होती, तिला कुणीतरी सांगत होतं की चुका, चुकलात तरच उपयोग.

याची सुरुवात खरं तर फिजिओथेरपिस्टच्या एका प्रश्नाने झाली होती. "आई चालताना बोलतात का?" मला आठवलं, आई थांबते. रस्त्यात काही विचारलं की "थांब जरा" म्हणते, उभी राहते, ऐकते, उत्तर देते आणि मग पाऊल उचलते. मला ती तिची लकब वाटायची. पण 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच नोंदवलंय. बोलताना चालणं थांबवणारी वयस्क माणसं पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त असते. दोन कामं एकदम पेलत नाहीत, म्हणून शरीर एक सोडून देतं. मग सराव नेमका त्या जोडीचाच करायला हवा, नाही का?

ओबूच्या संशोधकांनी असा सौम्य त्रास असलेल्या 100 जणांवर सहा महिने अभ्यास केला. व्यायाम करणाऱ्या गटाला आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. ज्यांचा मुख्य त्रास विस्मरणाचा होता, ते नुसती माहिती-व्याख्यानं मिळालेल्या गटापेक्षा स्मरणाच्या चाचण्यांत बरे ठरले. अमेरिकेत 2011 साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, स्मृतिभ्रंश नसलेल्या 120 वयस्क माणसांचा. त्यात वर्षभर नेमाने भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी बांधणारा मेंदूचा भाग, साधारण दोन टक्क्यांनी वाढला. वाढला! मी ते वाक्य तीनदा वाचलं.

सगळंच असं गोड नाही. इंग्लंडमध्ये 2018 साली 494 जणांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांना स्मृतिभ्रंश आधीच जडलेला होता. चांगला घाम काढणारा व्यायाम झाला, ताकद आणि दम वाढला, पण बुद्धीची घसरण काही मंदावली नाही. वाचून पोटात गोळा आला. म्हणजे हे औषध नाही, आणि गेलेलं परत आणून देण्याचा वायदाही नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने, आईच्या टप्प्यावर असलेल्यांना आठवड्यातून दोनदा व्यायाम सुचवा, असं डॉक्टरांना सांगितलं. आम्ही त्याच टप्प्यावर आहोत. आत्ता आहोत. मग वाट कशाची बघायची?

(डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं बरं का. शेजारी दणकट खुर्ची, पायात पकड असलेल्या चपला, आणि पायपुसणं आधी उचलून ठेवायचं.)

कॉग्निसाइजमध्ये चालता चालता शिरितोरी नावाचा जपानी खेळही खेळतात, समोरच्याच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून आपला शब्द. अहो, म्हणजे भेंड्या! आम्ही आता भाजीला जाताना गावांच्या भेंड्या लावतो. कराड, डहाणू, नगर, रत्नागिरी. परवा 'र' आला तेव्हा आई दूधकेंद्रापासून पिंपळापर्यंत नुसती विचार करत चालत होती. पण चालत होती! पिंपळाशी पोचल्यावर म्हणाली, "राजापूर. घे, पुन्हा र!"

चाळीस वर्षं आईने ब्लाउज शिवले. पाऊण मीटर, सव्वा मीटर, छातीचं माप, बाहीचं माप, सगळा हिशेब तोंडी. टाळ्यांचा सराव सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने शिवणाच्या डब्यातून तो चपटा निळा खडू काढला, टेप घेतली, खाली वाकून फरशीवर मापं घेतली आणि पाय कुठे पडायचे तिथे खुणा केल्या. उजवीकडे एक, डावीकडे एक, बरोबर सारख्या अंतरावर. सकाळी मावशी फरशी पुसतात तेव्हा खुणा जातात. संध्याकाळी आई पुन्हा टेप घेऊन बसते. टेप कुठे ठेवली हे कधीकधी आठवत नाही, मग आम्ही दोघी शोधतो. पण माप चुकत नाही.

आज तिने समोरच्या बाजूला तिसरी खूण काढली आहे. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, "पाचाच्या टाळीला पुढे पाऊल. उद्यापासून."