रूट बिअरची बाटली आणि आमची उपलसरी



मागच्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणींची मुलं-सुना बाहेरदेशी आहेत आणि अशा बाटल्या तुमच्याही घरी येत असणार, म्हणून ती इथे लिहून ठेवते.

मुलगा, सूनबाई आणि नातू अमेरिकेतून महिनाभरासाठी आले होते. सूनबाईंनी बॅगेतून बदाम, चॉकलेटं काढली आणि एक छोटी तपकिरी बाटली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आई, हा रूट बिअरचा अर्क. याला फार आवडते. बर्फीत थेंबभर घालून बघा." 'बिअर' ऐकून मी दचकलेच. त्या हसल्या. "नुसतं नाव आहे हो. मुलांचं पेय आहे ते."

त्यात खोटं काही नव्हतं. चार्ल्स हायर्स नावाच्या औषधविक्रेत्याने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात हे पेय लोकांपुढे आणलं. झाडांची मुळं, साली आणि पानं यांचा तो अर्क. मुख्य वास सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीचा असायचा. त्यातलं सॅफ्रोल हे द्रव्य अपायकारक ठरलं, म्हणून अमेरिकेच्या सरकारने १९६० मध्ये त्यावर बंदी घातली. आता बहुतेक ठिकाणी तो वास कारखान्यात तयार करतात. घरी करणारे लोक अर्क, साखर, पाणी आणि यीस्ट बाटलीत बंद करून ठेवतात. यीस्टमुळे ते आंबतं आणि त्यात फेस येतो. आंबवायचं आपल्याला जमणारच नव्हतं, पण बर्फीत थेंबभर घालायला काय हरकत, असं मला वाटलं.

ओल्या नारळाची बर्फी केली आणि त्यात अर्धा चमचा अर्क घातला. घरभर गोडसर, थोडा औषधी वास सुटला. नातवाने उभ्या उभ्या चार वड्या खाल्ल्या. संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आधी, थोरल्या जाऊबाई आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांचे नियम कडक. बाहेरचं काही खात नाहीत, पण माझ्या हातचं डोळे मिटून घेतात. त्यांनी दोन वड्या घेतल्या आणि "वेगळाच वास आहे गं, छान झाली," म्हणाल्या.

रात्री ओटा आवरताना बाटली सहज हातात आली. मी मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम. लग्नाआधी दोन वर्षं एका पेढीवर हिशेब लिहीत होते. व्हाउचर वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय तिथलीच. नेमकी त्या दिवशी ती सवय मोडली होती. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. पाणी, रंग, 'नैसर्गिक व कृत्रिम स्वाद' आणि मध्येच अल्कोहोल.

मी खालीच बसले. आपल्या आठ मूलगुणांत पहिला त्याग मद्याचा. मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळं हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं. आणि मी ते माझ्या हाताने अक्कांच्या ताटात वाढलं होतं.

सूनबाईंना बिचाऱ्यांना वाईट वाटलं. "आई, गरम मिश्रणात घातलं ना, उडून गेलं असेल." काही उडालंही असेल. पण पैसे खर्च झाले म्हणून नोंद खोडत नाहीत ना? त्यांचा दोष मी मानला नाही. त्यांनी मायेने आणलं होतं, वाचायचं काम माझं होतं.

खरा प्रश्न अक्कांचा होता. मुलगा म्हणाला, "त्यांना कळणार आहे का? उगीच कशाला मन दुखवायचं?" रात्रभर डोळा लागला नाही. न सांगणं सोपं होतं. पण ज्या बाईने विश्वासाने खाल्लं, तिच्यापासून लपवलं तर पुढे तिला कोणत्या तोंडाने वाढणार?

सकाळी देवदर्शनानंतर त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. अक्का जरा वेळ गप्प बसल्या. माझ्या पोटात गोळा आला. मग म्हणाल्या, "अजाणता झालं. मी आज एकाशन करीन, तू रस सोड. पण सांगितलंस हे बरं केलंस." मी त्या दिवशी गोड सोडलं. बाटली बंद करून ठेवली आणि नातवाला समजावून सांगितलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. तो दहा वर्षांचा आहे. "मग माझ्या वाढदिवसाला काय?" म्हणाला.

आणि तेव्हा मला माहेर आठवलं. आई उन्हाळ्यात उपलसरीचं सरबत करायची. उपलसरी म्हणजेच अनंतमूळ, संस्कृतात सारिवा. तेलुगू मुलखात तिला सुगंधी पाला म्हणतात, तमिळनाडू-केरळात नन्नारी. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेलंगणाशी जाणं-येणं जुनं. तिच्या वाळक्या मुळीला व्हॅनिलासारखा गोड वास असतो, रूट बिअरच्या वासाच्या अगदी जवळचा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली.

पण मैत्रिणींनो, तीही मुळीच! ओलं कंदमूळ आपण अनंतकाय मानतो, एका शरीरात अनंत जीव. आणि हिचं नावच अनंतमूळ. पुन्हा अक्कांकडे गेले. या वेळी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "आलं चालत नाही, सुंठ चालते. ओली हळद नाही, वाळलेली चालते. माठात वाळा घालतो तीही वाळलेली मुळंच. त्या न्यायाने घे. पण उपटताना झाड जातं, हे विसरू नको. उन्हाच्या तलखीला औषध म्हणून घे, जिभेच्या चोजासाठी रोज नको."

आमच्या घरी मग हाच नियम ठरला. तुमच्या घरची परंपरा वेगळी असेल तर ती पाळा. ज्यांना वाळलेली मुळीही नको, त्यांनी बडीशेप आणि वेलदोड्याचं सरबत करावं. वास वेगळा, पण थंडावा तोच.

कृती अशी. २५ ग्रॅम वाळकी मुळी धुऊन, पुसून, खलबत्त्यात ठेचायची. वास सालीत जास्त असतो, म्हणून साल काढायची नाही. गाळलेलं पाणी उकळून त्यातलं दोन पेले मुळीवर ओतायचं आणि झाकून तीन तास ठेवायचं. फार उकळू नका, वास उडतो. गाळून दीड वाटी साखर घालायची, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तासांची, म्हणून मी त्याच दिवशी संपवते, बाटल्या भरून ठेवत नाही. पेल्यात दोन चमचे पाक आणि माठातलं पाणी. बर्फ आमच्याकडे नसतो. हाच पाक थोडा नारळाच्या बर्फीतही घालता येतो. मग साखर कमी घाला आणि मिश्रण जरा जास्त आटवा.

आणखी एक. अमेरिकेत शुद्ध व्हॅनिला अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावंच लागतं, तसा तिथला कायदा आहे. आपल्याकडच्या हिरव्या खुणेसारखी सक्तीची खूण तिथे नाही. आणि आपली हिरवी खूणसुद्धा फक्त शाकाहार सांगते, कंदमूळ किंवा मद्य सांगत नाही. तेव्हा केक करणाऱ्या लेकी-सुनांना बाटली वाचायला सांगा.

वाढदिवसाला सकाळी आम्ही जिंतूरला नेमगिरीला जाऊन आलो. ऊन मी म्हणत होतं. घरी येताच नातवाला पेला दिला. त्याने वास घेतला, घोट घेतला, विचार केला. "आजी, थोडंसं तसंच लागतं. फेस नाही."

"फेस नाहीच येणार," मी म्हटलं.

त्याने दुसरा पेला मागितला. अक्काही होत्या. त्यांच्यापुढे पेला ठेवला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, सरळ तोंडाला लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.