चैत्रातला सातपुडा

थंड हवेच्या ठिकाणी मोटारीने जावे, व्हरांड्यात बसून चहा घ्यावा व परत यावे, अशी पुष्कळांची सुटीची कल्पना असते. ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही इंदूरहून नऊ तरुणांस घेऊन पचमढीस गेलो, ते मात्र पायी हिंडण्यासाठी. पिपरिया स्टेशनावर उतरून पुढे जाता मटकुलीपासून घाट चढू लागतो.

पचमढीचे पठार वालुकाश्माचे आहे. त्यावर साल वाढतो. भोवतालच्या काळ्या कातळाच्या जमिनीत साग. चैत्रात ही शीव डोळ्यांना स्पष्ट दिसते. साल कोवळ्या पालवीने हिरवागार, तर साग अजून उघडाबोडका. 1862 साली कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने येथे बायसन लॉज बांधले आणि पचमढीचा ‘शोध’ त्यानेच लावला, असे सांगण्याची रीत आहे. कोरकू आणि गोंड लोक त्याच्या पूर्वीपासून येथे राहत होते. तेव्हा हा शोध कोणाला लागला, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

पहिल्या दिवशी चौरागडाच्या पायऱ्या चढलो. महाशिवरात्रीस यात्रेकरू खांद्यावर त्रिशूळ वाहून आणतात व वर अर्पण करतात; त्यांत विदर्भातील मराठी माणसे फार. रचलेले त्रिशूळ पाहून आमची मुले आपल्या पिशव्यांच्या ओझ्याविषयी बोलेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी धूपगडावर होतो. उंची 1352 मीटर. सातपुड्यात याहून उंच शिखर नाही. सूर्य बुडाल्यावर दूरच्या उतारावर एक बारीक तांबडी रेघ दिसू लागली. “फादर, दिवाळीच जणू!” एक मुलगा म्हणाला. वाटाड्याने मान हलविली. “मोहाची आग आहे ती,” एवढेच तो बोलला.

त्याचा अर्थ तिसऱ्या दिवशी पहाटे, घाटाच्या पायथ्याशी कळला. मोहाची फुले रात्री उमलतात आणि उजाडता उजाडता टपटप गळतात. पिवळसर, रसाळ, मण्यांसारखी. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. वारा सुटला की तोच विस्तव रानात शिरतो. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले झेलतात. ही युक्ती उत्तम खरी, पण जाळीला पैसे पडतात.

एक म्हातारी नातीसह फुले वेचीत होती. व्याघ्र प्रकल्पासाठी तिचे गाव रानातून उठवून बाहेर वसविले होते. घर मिळाले, जमीन मिळाली, असे ती आपल्या हिंदीत सांगत होती. “पण बाबूजी, आमची चार झाडे आतच राहिली.” गावात कोणते झाड कोणत्या घराचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. येथे ती दुसऱ्याच्या झाडाखाली, अर्ध्या वाट्याने वेचीत होती. नवे झाड लावावे, तर मोहाला फुलावयास दहा वर्षे तरी लागतात, आणि तिचे वय सत्तरीच्या पुढचे.

वाघ वाचावा, असे आम्हांसही वाटते. परंतु त्या चार झाडांचा हिशेब कोणत्या कागदावर मांडला असेल, हा विचार मनातून जाईना.

मुलांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि वेचू लागली. तासाभरात नऊ जणांची मिळून एक टोपली भरली. तिच्या नातीने तेवढ्याच वेळात एकटीने दुसरी भरली होती.