एक्सलवरचा गंज

पावसाळ्यात आमच्या घरी तांदळाचे दोन डबे असतात. एक जेवणाचा, एक माझा. माझ्या डब्यात तांदळात पुरून ठेवलेल्या गाड्या असतात. आठ-आठ दिवस ऊन पडलं नाही की जेवणाचा डबाही माझ्याच ताब्यात जातो, आणि मग बायको भात वाढताना म्हणते, "खडा लागतोय की टायर, बघून जेवा."

रत्नागिरीत राहून डाय-कास्ट गाड्या जमवणं म्हणजे मिठागरात लोखंडाचं दुकान थाटणं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले आठ महिने मांडवीकडून येणारा खारा वारा. या गाड्यांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. जस्तात थोडं अॅल्युमिनियम, तांबं आणि किंचित मॅग्नेशियम. वितळलेला रस दाबाने पोलादी साच्यात भरतात, म्हणून बोटभर गाडीच्या दाराची फटसुद्धा स्पष्ट उठते. जस्त तांबेरत नाही. त्यावर पांढरी भुकटी धरते आणि रंगाखाली बारीक फोड येतात. एक्सल मात्र पोलादी तारेचा, तो सगळ्यात आधी जातो. पाठोपाठ पुठ्ठा पोळीसारखा फुगतो आणि त्यावरचा पारदर्शक ब्लिस्टर पिवळट होतो. मुंबई-पुण्याचे लोक गाडी पुठ्ठ्यातून न काढता भिंतीला टांगतात. मी चार वर्षं तसं करून पाहिलं, मग एका श्रावणात सगळे पुठ्ठे फाडून गाड्या मोकळ्या केल्या. त्या दिवसापासून जमवणाऱ्यांच्या जगात माझा संग्रह 'लूज' झाला, म्हणजे जातीबाहेरच.

हा नाद लागला एका बसमुळे. वडिलांचे एक मित्र राजिवड्याचे, बोटीवर खलाशी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. १९८२ साली ते सुट्टीवर आले तेव्हा लंडनहून माझ्यासाठी मॅचबॉक्सची लाल डबल-डेकर 'लंडनर' घेऊन आले. दोन्ही बाजूंना बर्जर पेंट्सचा स्टिकर. मी आठ वर्षांचा. लंडन कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, पण लाल डबल-डेकर म्हणजे बेस्टची बस हे पक्कं माहीत होतं, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं ती बस आमच्या ओटीवर परळ ते म्युझियम धावत होती. बसखाली लेस्नी आणि मेड इन इंग्लंड अशी अक्षरं होती. लेस्नी ही मॅचबॉक्सची मूळ कंपनी. तिच्या जॅक ओडेल नावाच्या भागीदाराच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं, म्हणून त्याने तिला इवलासा रोडरोलर करून दिला आणि त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स निघालं, असं सांगतात. चाचांनी बस आणली त्याच साली लेस्नीचं दिवाळं निघालं होतं. हे मला कळलं वीसेक वर्षांनी, आणि तोवर बसचा मागचा एक्सल गंजून तुटला होता. स्टिकर तर मीच नखाने सोलला होता.

तर या वर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी दादरला एका हॉलमध्ये जमवणाऱ्यांचा मेळावा आहे असं कळलं. खोक्यात विकायच्या, बदलायच्या चाळीसेक गाड्या घेतल्या, ती जुनी बस रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि शनिवारी रात्री कुवारबावच्या स्टेशनवर तुतारी एक्स्प्रेस पकडली. 'तुतारी' कविता लिहिणारे केशवसुत आमच्या मालगुंडचे, त्यामुळे या गाडीवर रत्नागिरीकरांचा जरा जास्तच हक्क असतो. आरक्षित बर्थही आम्ही त्याच हक्काने दुसऱ्याला उठवून मिळवतो. वरच्या बर्थवर मी उशाशी खोका घेऊन झोपलो. खालच्या काकूंनी खोका निरखून विचारलं, "पायरी की हापूस?"

सकाळी साडेदहाला हॉलचं दार उघडलं आणि आत शिरताना मला लहानपणची जत्रा आठवेल असं वाटलं होतं. आठवला लग्नाचा हॉल. तीच स्टीलची टेबलं, तेच पांढरे कपडे, फक्त ताटांच्या जागी गाड्या. तीनशे-चारशे पुठ्ठे उभे लावलेले खोके आणि त्यात बोटं चालवणारे लोक. हा आवाज खरंच ऐकण्यासारखा असतो, पत्ते पिसल्यासारखा. बारा वर्षांचा एक मुलगा एका खोक्यापाशी पाच मिनिटंही थांबला नाही. "अंकल, हे आधीच कोणीतरी बघून गेलंय," म्हणाला. हॉट व्हील्सने १९९५ मध्ये ट्रेझर हंट काढल्यापासून ही शोधाशोध आहे. साध्या गाड्यांच्या गठ्ठ्यात मोजक्या वेगळ्या टाकायच्या. २००७ पासून त्यातही 'सुपर', झळाळता रंग आणि रबरी टायरवाली. रत्नागिरीत दुकानात नवा माल लागतो त्या दिवशी मी कामावर असतो, आणि सुपर कोणाच्या खिशात जाते ते मला चांगलं माहीत आहे. नाव घेत नाही, रोज तोंड बघावं लागतं.

खेळण्यांना आयएसआय शिक्का १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. त्यामुळे परदेशी गाड्या पिशवीतून बाहेर काढताना विक्रेते अजूनही उगाच इकडेतिकडे बघतात. जुन्या मालाच्या टेबलाशी मात्र कसलीच घाई नव्हती. तिथे तिशीतला एक विक्रेता दागिन्यांच्या भिंगातून गाड्या बघत बसला होता. मी माझा खोका उघडला. त्याने पहिली गाडी उचलली, उलटी केली, एक्सलवर नख फिरवलं.

"काका, कोकणातनं आलात काय?"

"रत्नागिरी. का?"

"नाही, कळतं ते. समुद्राकाठचा माल." त्याने गाडी हळूच परत ठेवली, आजारी माणसाचा हात सोडावा तशी. दुसरी, तिसरी, प्रत्येकीचा एक्सल बघितला. चाळीसपैकी सहा घेतल्या, त्याही अर्ध्या भावात. माझ्या मागे उभा असलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "कोकण कंडिशन." दोघं हसले. म्हणजे हा शब्दच होता त्यांच्यात! मिंट, निअर मिंट, आणि तळाला आम्ही.

मी निघणारच होतो, तेवढ्यात काचेखाली ती दिसली. लंडनर. लाल, चकचकीत, बर्जरचे दोन्ही स्टिकर जागच्या जागी. "ओरिजिनल, काहीच हात लावलेला नाही," तो म्हणाला. सांगितलेली किंमत मी घरी अजून उच्चारलेली नाही.

हातात घेतली. वजन तेच. उलटी केली आणि सवयीने आधी एक्सल पाहिला. तार चांदीसारखी झगझगत होती. तिच्याभोवतीच्या खाचेत मात्र जस्ताची पांढरी भुकटी धरलेली. हे होत नाही. जस्तावर भुकटी धरेपर्यंत पोलादी तार तांबूस झालेली असते. चाळीस वर्षं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. मग रिव्हेट बघितलं. कारखान्यातलं रिव्हेट अळंबीच्या टोपीसारखं गुळगुळीत बसलेलं असतं. याच्या मधोमध ड्रिल मारल्याची बारीक गोल कड होती आणि वर डिंकासारखं काहीतरी भरलेलं. त्याचंच भिंग मागून स्टिकर पाहिला तर रंगात प्रिंटरचे ठिपके. खिशातला रुमाल सोडून माझी बस काढली, शेजारी उलटी ठेवली.

"एक्सल बदललाय. त्यासाठी बेस उघडलाय. स्टिकर घरचा."

तो दोन्ही बसकडे बघत राहिला. "मलाही असंच आलं होतं," म्हणाला. असेलही. मघाशी हसलेले दोघं वाकून बघायला लागले, त्यातल्या एकाने माझी मोडकी बस उचलून तिच्या गंजलेल्या तारेवर बोट फिरवलं आणि स्वतःकडची एक गाडी पुढे केली. "काका, ही पण जरा बघता?" पुढचा पाऊण तास मी तिथेच बसून होतो. कोणीतरी वडापाव आणून दिला. नऊ गाड्या बघितल्या, तीन उघडलेल्या निघाल्या. तिसरीचा मालक जरा रागावला.

बस शेवटी मीच घेतली, सांगितलेल्या किमतीच्या एक तृतीयांशात. दुरुस्त केलेली गाडी घेण्यात मला कमीपणा वाटत नाही, फक्त दुरुस्त केलीय म्हणून सांगावं. शिवाय आमच्याकडची हवा पाहता पुढच्या दिवाळीपर्यंत तो एक्सल अस्सल दिसायला लागेल.

सोमवारी पहाटे परतलो तेव्हा कुवारबावला सरी सुरू झाल्या होत्या. घरी सगळे झोपलेले. माझा डबा भरलेला होता, म्हणून बस एका फडक्यात बांधून जेवणाच्या डब्यात खोल खुपसली आणि आडवा झालो. दहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, केवढ्याला पडली ही?"

"शंभर."

बराच वेळ काही आवाज नाही. मग डब्याचं झाकण लागल्याचं ऐकू आलं.

"आज भाकऱ्याच करते," ती म्हणाली.