कापसाचं घर अन् दोन महिन्यांचं पिल्लू

राजेहो, वेचणी सुरू झाली की आमच्या हिंगणघाट भागात अर्धं घर कापसानं भरते. त्यातच दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. गंजीवर मुतलं तर कापूस ओला, पिवळा; भाव पडलाच समजा. म्हणून पहिल्या दिवसापासून नेम ठेवला. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर, रोज त्याच निंबाखाली. एवढं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर धरू शकत नाही, रात्रीही एकदा उठाच. बाहेर केलं की तिथंच शाबासकी अन् भाकरीचा तुकडा. घरात केलं तर मारू नका. ते लपून करायला शिकते. जागा धुऊन वास घालवा, नाहीतर परत तिथंच जाते. गंजीसमोर फळी आडवी लावली. आता ते स्वतःच दाराशी जाऊन कुंईकुंई करते. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस मात्र टोचून घ्या.