फॉल्स सीलिंगच्या वर

‘लो व्होल्टेज’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वाढले. मला आठवतो संध्याकाळी सातला पिवळा पडलेला बल्ब, दमेकऱ्यासारखा फिरणारा पंखा, पेटू की नको करत फडफडणारी ट्यूब आणि फ्रिजशेजारी खट्‌ खट्‌ करणारा स्टॅबिलायझर. ‘आज व्होल्टेजच नाही,’ असं आई म्हणायची. मग मिक्सर बंद आणि चटणी पाट्यावर.

अमेरिकेतल्या वाचकांना हाच शब्द वेगळ्या अर्थाने माहीत असेल. तिथे इंटरनेटच्या, कॅमेऱ्यांच्या, दारावरच्या घंटीच्या वायरी म्हणजे लो व्होल्टेज, आणि ते काम करणारा माणूसही नेहमीच्या इलेक्ट्रिशियनपेक्षा वेगळा. मी सध्या राहते त्या बहरीनमध्ये तिसराच अर्थ. इथले इंजिनिअर आंतरराष्ट्रीय मानकांची परिभाषा वापरतात आणि त्यात एक हजार व्होल्टपर्यंतची एसी वीज ‘लो’च असते. म्हणजे सॉकेटात बोट घातलं तर जीव घेईल ती २३० व्होल्टची वीजही लो व्होल्टेज! आपल्याला हव्या असलेल्या बारक्या वायरींना इथे ‘ईएलव्ही’ म्हणतात, म्हणजे एक्स्ट्रा लो व्होल्टेज.

तुम्ही म्हणाल, शब्दांचा एवढा कीस कशाला? आमच्या नव्या ऑफिसचा पहिला नकाशा एका अमेरिकन सहकाऱ्याने काढून पाठवला होता. त्यात एका छोट्या खोलीवर ‘लो व्होल्टेज’ असं लिहिलेलं होतं. इथल्या कंत्राटदाराने जो भाव दिला, त्यात त्याच खोलीत मजल्याचं २३० व्होल्टचं मुख्य पॅनेल बसवलेलं होतं, आणि नेटवर्कच्या रॅकला कुठे जागाच नव्हती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्या दिवसापासून आमच्या नकाशांवर ‘लो व्होल्टेज’ हे शब्द येत नाहीत. ‘डेटा’ आणि ‘वीज’ असं सरळ लिहितो.

आता माझा यात काय संबंध, ते सांगते. मी पोस्टडॉक आहे. ऑफिसांमध्ये एसीवर किती वीज जाते आणि त्यातली किती रिकाम्या खोल्या गार करण्यात जाते, हे मोजणं माझं काम. त्यासाठी तापमान, कार्बन डायऑक्साइड, खोलीत माणूस आहे की नाही, असं सगळं टिपणारे सेन्सर लागतात. आमच्या गटाला एका इमारतीत अर्धा मजला मिळाला तेव्हा प्रमुख म्हणाले, “सेन्सर तुझेच आहेत, वायरिंगचंही तूच बघ.” पीएचडी झालेल्या माणसाला सगळंच येतं, असा एक गोड गैरसमज जगभर आहे.

अशा कामाची सुरुवात सगळे उपकरणांच्या यादीपासून करतात. स्मार्ट दिवे, स्मार्ट कुलपं, मीटिंगरूमच्या दाराबाहेरचा छोटा पडदा. मनामातल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचंही असंच होतं. २००८ साली झालेल्या त्या दोन शिडांसारख्या मनोऱ्यांमधल्या तीन पवनचक्क्यांचा फोटो प्रत्येक पाहुणा काढतो. छत उघडून आत काय आहे, ते कुणी बघत नाही. मी ती यादी बाजूला ठेवली, कारण उपकरणं पाच वर्षांत बदलतात. छतातली केबल पंधरा वर्षं तरी कुणी हलवत नाही. तेव्हा विचारायचं ते एवढंच की छतात, दारांवर, भिंतींत कुठे कुठे उद्या काहीतरी लागू शकेल. त्या प्रत्येक ठिकाणी केबल पोचली पाहिजे. तिच्या टोकाला काय लटकेल, ते नंतर बघू.

“पण आता सगळं वायरलेस असतं ना?” हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला. वायफायचा छतावरचा तो पांढरा डबा स्वतः केबलवरच चालतो. नव्या पद्धतीचे डबे इतका डेटा वाहतात की एकेका डब्याला दोन-दोन केबल टाकून ठेवाव्यात, अशी शिफारस आहे. आणि सेन्सरला डेटा चिमूटभर लागत असला तरी वीज रोज लागते. बॅटरीवर चालवले तर वर्षा-दोन वर्षांनी शिडी घेऊन बॅटऱ्या बदलत फिरायचं. आमचा हिशेब असा निघाला: २६ टेबलांना दोन-दोन, म्हणजे ५२. वायफायच्या सहा डब्यांना १२. सेन्सर १८, कॅमेरे नऊ, दारं चार, मीटिंगच्या खोल्यांना सहा. एकूण १०१ केबली, त्याही ‘वायरलेस’ ऑफिसला.

या केबलींची गंमत अशी की एकाच केबलमधून डेटाही जातो आणि वीजही. याला पीओई म्हणतात. २००३ सालच्या पहिल्या मानकात एका टोकाला १५.४ वॅट सोडले की दुसऱ्या टोकाला १२.९५ वॅट मिळण्याची हमी होती. २००९ साली ३० वॅट झाले आणि २०१८ साली थेट ९० वॅट. पण नव्वद सोडले तर पलीकडे ७१.३ वॅटचीच हमी असते. मधले १८-१९ वॅट गेले कुठे? तारेत. तारेत म्हणजे उष्णतेत, आणि ती उष्णता आमच्या डोक्यावर, फॉल्स सीलिंगच्या वर.

बहरीनमध्ये ही बाब साधी नाही. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि वीज वाचवायला इमारतीचा एसी बंद ठेवतात. मी एक सेन्सर छताच्या वर ठेवून दिला होता. ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी त्याने ४३ अंश दाखवले. तांब्याची केबल तापली की तिच्यातून सिग्नल जास्त क्षीण होत जातो. भिंतीतली केबल ९० मीटरपर्यंत चालते हे पुस्तकातलं वाक्य २० अंशांचं आहे. साध्या, बिनावरणाच्या केबलला ४० अंशांवर ती मर्यादा ८४ मीटरच्या आसपास येते, ६० अंशांवर ७५. त्यात एका जुडीत वीज वाहणाऱ्या चोवीस केबली बांधल्या तर मधल्या केबलीला हवाच मिळत नाही. म्हणून आम्ही रॅक मजल्याच्या टोकाला न ठेवता मध्यावर आणला. एकही केबल ६० मीटरच्या वर जाऊ दिली नाही, आणि जुड्या बारीक ठेवल्या. विजेच्या वायरींपासून अंतर राखलं, आणि जिथे ओलांडावंच लागलं तिथे काटकोनात ओलांडलं. हे सगळं पुस्तकात आहे, पण पुस्तक लिहिणाऱ्याने बहुधा शनिवारची दुपार इथे काढलेली नाही.

केबल ओढायला जी माणसं आली, त्यांत एक चाचा होते. साठीला टेकलेले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचे. कोकणातल्या मुसलमान घरांतून आखातात येण्याची परंपरा जुनी आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. पहिले दोन दिवस ते मला ‘मॅडम’ म्हणून हिंदीत बोलत होते. तिसऱ्या दिवशी मी फोनवर आईशी बोलताना त्यांनी ऐकलं आणि शिडीवरूनच विचारलं, “कुठल्या गं तुम्ही, ताई?” त्यानंतर हिंदी संपली.

पाचव्या दिवशी नवा माल आला. ३०५ मीटरचे डबे, वर ‘कॅट ६ए’ छापलेलं. चाचा आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, “ताई, ह्यातला एक डबा उचलून बघा. मग कालचा उचला.” नवा डबा चांगलाच हलका होता. त्यांनी खिशातलं पातं काढून तार खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि खालून चांदीसारखं पांढरं निघालं. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. या केबलीला बाजारात ‘सीसीए’ म्हणतात. तिचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो, तार दोनदा वाकवली तर तुटते, आणि नेटवर्क केबलच्या मानकांत ती बसतच नाही. मघाच्या १८-१९ वॅटचं काय होईल, ते आता तुम्हीच बघा.

चाचा त्याच कंत्राटदाराकडे कामाला होते. व्हिसा त्या कंपनीचा, राहण्याची खोलीही कंपनीचीच. मुलीचं लग्न नुकतं झालेलं, खेडमध्ये घराचं बांधकाम अर्ध्यावर. “माझं नाव मात्र कुठं नको,” एवढंच ते म्हणाले.

तेव्हा मी चाचांचा किंवा खरवडलेल्या तारेचा विषयच काढला नाही. आमच्याकडून पत्र गेलं की ‘नव्या मालाच्या प्रत्येक डब्यातून एक नमुना आमच्या प्रयोगशाळेत रोध मोजण्यासाठी द्यावा, कारण आमच्या संशोधनाला हा आकडा लागतो.’ संशोधनाचं नाव घेतलं की कुणी फार प्रश्न विचारत नाही, हा आमच्या पेशाचा एक फायदा. आकडे कागदावर आले. खरेदी विभागातला माणूस म्हणाला, “पण लिंकचा दिवा तर लागतोय!” दिवा लागतोच. पहिल्या दिवशी सगळंच चालतं. मी त्याला विचारलं, दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये कॅमेरे एकेक करून बंद पडायला लागले, तर छत उघडायचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा? डबे परत गेले. ऑफिसात राहायला जाणं साडेतीन आठवडे लांबलं आणि त्यावरून मी बरंच ऐकून घेतलं. माल का परत गेला, याची चौकशी कंत्राटदाराच्या ऑफिसात झाली. त्यांच्या हाती आमचा तक्ता होता, नाव कुणाचंच नव्हतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तुमच्यातले निम्मे आयटीतले आणि त्यांना हे पाठ आहे. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर हजारोंनी ताब्यात घेतले होते. म्हणून आमच्या कॅमेऱ्यांचं आणि सेन्सरचं जाळं माणसांच्या संगणकांपासून वेगळं आहे. संपलं.

मला जास्त सांगायचंय ते लेबलांबद्दल. जुनं छत उघडलं तेव्हा आधीच्या भाडेकरूच्या शेकडो मीटर मेलेल्या केबली वर पडलेल्या होत्या. कुठून कुठे जातात, काही पत्ता नाही. काहींवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, मल्याळममध्ये. आमच्या गटातल्या केरळच्या मुलाने वाचून दाखवल्या: ‘मोठ्या साहेबांची खोली’, ‘जिन्याजवळ, डावीकडे’. तो साहेब नाही, ती खोली नाही, जिनाही दुसरीकडे गेलेला. ज्याने लिहिलं त्याला सगळं नीट माहीत होतं, आणि तो कधीच निघून गेला.

बहरीनमध्ये निम्म्याहून जास्त लोक बाहेरून आलेले. इमारतीचा वायरमन, दुकानदार, डॉक्टर, मी, सगळे कराराच्या मुदतीवर. भारतात एखादा जुना वायरमन असतो, त्याला हाक मारली की ‘ती लाइन मीच टाकली होती’ म्हणत तो येतो. इथे तो माणूस तोवर त्रिशूरला किंवा सियालकोटला परत गेलेला असतो. त्यामुळे प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना छापील क्रमांक, तोच क्रमांक नकाशावर, नकाशाची एक प्रत रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला, असा माझा हट्ट होता. ‘मोठ्या साहेबांची खोली’ कुठेही नाही. नुसतं ‘अ-०७’, आणि अ-०७ म्हणजे खांब क्रमांक तीनच्या पूर्वेला दीड मीटर. लेबलं चिकटवायला चाचांना आणि मला मिळून दोन दिवस लागले. ते चिकटवत होते आणि मी यादी वाचत होते.

त्या दोन दिवसांत खेडच्या घराचा विषय बराच झाला. मुलगा म्हणत होता, आता वायफाय असतं, भिंतीत वायर कशाला? चिऱ्याची भिंत एकदा गिलावा करून बंद झाली की फोडणं किती कटकटीचं, ते चाचांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत फोन लावून मुलाला सांगितलं, वायर राहू दे, पण प्रत्येक खोलीत रिकामा पाइप टाक, आणि त्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेव.

आमच्या पॅनेलवर १२० जागा आहेत, वापरात १०१. उरलेल्या १९ कशाला, असं खरेदी विभागाने मला लेखी विचारलं होतं. माझा करार पुढच्या मार्चमध्ये संपतो. ते पत्र आणि उत्तर, दोन्ही मी हस्तांतराच्या फाइलमध्ये लावली आहेत.

गेल्या महिन्यात चाचांनी फोटो पाठवला. लालसर चिरे, त्यातून डोकावणारे करडे पाइप, प्रत्येकातून बाहेर आलेली निळी दोरी. मी त्यांना कळवलं की गच्चीवर जाणारा एक पाइप दिसत नाही, तोही टाकून घ्या.